लहानूची धाप

आलापल्लीच्या जंगलात सागाचा ओंडका चिरायला दोन माणसं लागत. एक ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात, मध्ये लांब करवत. वरच्याला वारा, खालच्याच्या नाकातोंडात भुसा. देवाजी पंधरा वर्षं वर होता आणि त्याचा जोडीदार लहानू खाली. पाळी बदलू या, असं देवाजीच्या तोंडून कधी निघालं नाही. का निघावं? सुख कुणाला नको असतं?

लहानूची छाती शिट्टीसारखी वाजू लागली, तेव्हा त्यानंच हात जोडले, "भाऊ, आता तरी मले वर येऊ दे." देवाजीनं येऊ दिलं. तिसऱ्याच दिवशी खोकल्याची उबळ आली, लहानूचे पाय ओंडक्यावरून सुटले आणि तो डोक्यावर पडला. पुन्हा उठला नाही. आजारी माणसाला वर चढवलंच कशाला, असं कुणी विचारू नये म्हणून देवाजी सगळ्यांना सांगून मोकळा झाला, "पिऊन होता."

ही गोष्ट एकोणऐंशीची. तेव्हापासून देवाजी खड्ड्यात उतरला. वर चढायची हिंमतच होईना. पाच वर्षांत भुशानं त्यालाही गाठलं. एका संध्याकाळी तो ओसरीवर धापा टाकत बसला असताना त्याची बायको कमला आतून म्हणाली, "लहानूभाऊ आले काय जी?" बोलून तिनंच जीभ चावली. त्या दिवसापासून देवाजीला स्वतःच्या श्वासाची भीती वाटू लागली. तो हळू श्वास घेई, रोखून धरी. पण छातीत लहानू वाजतच राही.

"तुमी वर या, मी उतरतो," नवा जोडीदार इस्तारी एक दिवस म्हणाला. देवाजी चढला. चार-दोन वेळा करवत ओढली नि खोकला आला. डोळ्यांपुढे अंधारी. पायांखाली ओंडका आहे की नाही तेच कळेना. इस्तारीनं खालून करवत घट्ट धरली म्हणून तो मुठीच्या आधारानं कसाबसा सावरला, पडता पडता वाचला. पोटात दारूचा थेंब नव्हता, आणि तरी तो झिंगलेल्यासारखा डुलला होता.

तो तसाच लहानूच्या बायकोकडे, प्रेमिलाकडे गेला. दारूनं नवरा नेला म्हणून तिनं दारूसाठी लागणारी मोहफुलं वेचणं सोडलं होतं. अर्धं गाव मोहाच्या झाडांखाली असताना ती एकटी अंगणात तांदूळ निवडत होती. थांबत, धापा टाकत देवाजीनं खरं ते सगळं सांगितलं.

तिनं सूप खाली ठेवलं.

"मी त्यायचं तोंड हुंगलं होतं, देवाजीभाऊ," ती म्हणाली. "वास नव्हता. पण तुमी म्हनले, अन् मी माह्याच नाकाले खोटं ठरवलं. पाच वर्सं त्यायले शिव्या देल्या. पोरायसमोर."