तुराबोयच्या जर्दाळूचा जामीन

हिवाळा सरत आला की इस्फरा या जर्दाळूंच्या मुलखात न फळणाऱ्या झाडाला धमकी देतात. मालक कुऱ्हाड उगारून म्हणतो, "तोडतो तुला!" घराबाहेरचं कुणीतरी मध्ये पडतं, "थांब, यंदा फळेल, मी जामीन." झाड घाबरतं आणि फळतं, असं सगळे मानतात. जामीन मिळाला नाही तर झाड तोडावंच लागतं.

तुराबोयच्या जर्दाळूला दोन वर्षं फळ नव्हतं. शेजारच्या मस्तोनाचा त्या झाडावर डोळा होता, तोही वाईट. उन्हाळ्यात त्याची सावली तिच्या वाफ्यावर पडायची, पानगळीत त्याची लालपिवळी पानं तिच्या पाटात तुंबायची. पण जामीन राहायला दुसरं कुणी जवळ राहतच नव्हतं, म्हणून तुराबोयने तिलाच बोलावलं.

झाड उघडंबोडकं होतं. फांद्यांवर तेवढ्या गोल कळ्या फुगल्या होत्या. तुराबोयने कुऱ्हाड उगारली. "तोडतो तुला!"

"तोड," मस्तोना म्हणाली.

"खाला, असं नाही म्हणायचं!" तुराबोयची मुलगी सवरी किंचाळली. मस्तोनाला ती खाला, म्हणजे मावशी म्हणायची. ते झाड तिनेच लहानपणी बी पुरून वाढवलं होतं.

"मग काय गोंजारू त्याला? डोक्याला ताप नुसता. घाल रे घाव." एवढं बोलून मस्तोना आपल्या अंगणात निघून गेली.

तुराबोय अडकला. झाडाने ऐकलं होतं. आता माघार घेतली तर ते कधीच घाबरणार नव्हतं.

सवरी भिंतीवर चढली आणि पलीकडे मस्तोनाच्या कांद्यांत उतरली. "ओ तुराबोय! मी तुमच्या घरची नाही. मी जामीन!"

"माझे कांदे! ऊठ तिथून, भवाने!"

तुराबोयने कुऱ्हाड खाली घेतली. "ठीक. पण फळ नाही आलं, तर तुझं काही ऐकणार नाही."

पानं फुटायच्या आधीच झाड पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलं. मग थंडी परत आली. अशा पहाटे लोक बागेत धूर करतात, नाहीतर फुलाच्या पोटातलं इवलंसं फळ गोठून काळं पडतं.

"बाबा, जाळ करूया."

"कशाला? घाबरलंय ना ते? फळेल."

सवरीने एकटीने ओला पेंढा पेटवला. वाऱ्याने सगळा धूर भिंतीकडे लोटला.

"खोकून मेले! माझ्या धुतलेल्या चादरी!" मस्तोनाने भिंतीवरून बादलीभर पाणी फेकलं. तोवर सूर्य वर आला होता.

अलीकडची फुलं काळी पडून गळली. पलीकडे झुकलेल्या फांद्यांवर मात्र फुलांच्या जागी हिरवे मणी धरले. पानं दाट झाली, ऊन तापलं, मणी फुगून पिवळे झाले, मग केशरी. आणि भिंतीपलीकडचं फळ पलीकडच्याचं, हा गावचा रिवाज.

तुराबोयने कुऱ्हाड काढली. "माझ्याकडे एकही नाही. जामीन खोटा."

भिंतीवरून मस्तोनाचं डोकं वर आलं. तोंडात जर्दाळू होता. "हात तर लावून बघ! फळलंय झाड."

"मला काय मिळालं?"

"सावली मिळाली. बस तिच्यात."

तुराबोय दात खात घरात गेला. झाड वाचलं.

"खाला, मला एक द्या ना," सवरी म्हणाली.

"पुढच्या खेपेला दोन्ही बाजूंना जाळ कर," मस्तोना म्हणाली आणि खाली उतरली.