पुसण्यापुरता मजकूर

महानंदाचा बाण गेला आणि बाणाबरोबर गिऱ्हाईक गेलं.

बाण गेरूनं काढलेला, हातभर लांब, जरासा वाकडा. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या दोनशे फुटी भिंतीवर, अगदी गल्लीच्या तोंडाशी तो होता. वर फक्त 'महानंदाची कडक भाकरी, आत वळा'. करमाळ्याकडनं, नातेपुत्याकडनं सोलापुरात कामाला आलेली माणसं परत जाताना बाण बघून आत वळायची आणि दहा-वीस भाकऱ्या बांधून न्यायची. गेल्या दोन दिवसांत एक माणूस वळला, तोही लघवीला. महानंदाच्या घरात भाकऱ्यांच्या चळती छातीपर्यंत आल्या.

"भाकरी म्हैनाभर टिकती," ती शेजारणीला म्हणाली, "मी न्हाय टिकत."

बाण कुणी चोरला नव्हता. तो सुधारणेत गेला होता.

गल्लीत 'लिखाणमुक्त भिंत अभियान' निघालं होतं. समितीत अकरा माणसं, त्यांतले सात उपाध्यक्ष. अध्यक्ष चन्नवीरशेठ, कापडाचे व्यापारी. सचिव हिंदुराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. टिपणी लिहिल्याशिवाय त्यांना अजून जेवण पचत नसे. तीन महिने बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत भिंतीच्या विद्रूपपणाबद्दल तीव्र हळहळ व्यक्त होई, आणि पुढच्या बैठकीची वेळ सगळ्यांना कळावी म्हणून ती त्याच भिंतीवर लिहिली जाई.

वाचायला ती भिंत तशी रंजक होती. मूळव्याधीवर हमखास इलाज होता, तीन पक्षांची चिन्हं होती, दहावी नापासांना दिलासा होता, आणि 'पायल, आय लव्ह यू'च्या खाली निराळ्या अक्षरात 'मी पण' होतं.

शेवटी तारीख निघाली. गुरुवारी आमदारसाहेब येणार, त्यांच्या शुभहस्ते पहिलं अक्षर पुसलं जाणार. पत्रिका वाटल्या, मांडव सांगितला, फोटोवाला ठरला. एवढ्यात घात झाला. शनिवारी शेठ लग्नाला अक्कलकोटला गेले, आणि शरणबसव मास्तरांच्या शिकवणीतल्या साठ पोरा-पोरींनी रविवारी येऊन अख्खी भिंत घासली, वर पांढरा रंगही दिला. अभियान भिंत साफ करण्यासाठी आहे, असा त्यांचा प्रामाणिक गैरसमज झाला होता.

मंगळवारी महानंदा तक्रार घेऊन शेठच्या ओट्यावर गेली, तेव्हा आत तातडीची बैठक बसली होती.

"अख्खी पुसली?" शेठ विचारत होते. ते सकाळपासून हेच विचारत होते.

"एक अक्षर ठेवलं नाही, अण्णा," मास्तर म्हणाले. काल त्यांनी हे अभिमानानं सांगितलं होतं. आज आवाज बसला होता.

"मग परवा साहेबांनी काय पुसायचं? माझं तोंड?"

"शेठ, माझा बाण..." महानंदा पायरीवरून म्हणाली.

"महानंदा, मधी बोलू नको. हितं आभाळ कोसळलंय."

आभाळ सावरायला मडिवाळप्पा पेंटरला बोलावलं होतं. तो कोपऱ्यात डबे मांडून बसला होता. या शहरातल्या निम्म्या भिंती त्यानंच रंगवलेल्या. पण माणूस कुठल्याच समितीत नव्हता, म्हणून त्याला सरळ प्रश्न विचारायची खोड होती.

"काय लिवायचं तेवडं सांगा."

"काहीबी लिही. घाण दिसलं पायजे."

"घाण म्हंजे किती, मालक?"

हिंदुरावांनी चष्मा पुसला. "मजकूर आक्षेपार्ह पाहिजे, पण त्यावर कुणाचा आक्षेप येता कामा नये. टिपणीत तसं घेतलंय."

मग अकरा प्रतिष्ठित माणसं भिंत खराब करायचा मजकूर ठरवू लागली. महानंदानं आयुष्यात पुष्कळ पंचायती बघितल्या होत्या, पण असली बघितली नव्हती. ती पायरीवर नीट मांडी घालून बसली.

"पायलचंच लिहा पुन्हा," दुसरे उपाध्यक्ष म्हणाले आणि जीभ चावली. शेठच्या सुनेचं नाव पायल होतं. कुणीतरी उगाच पंख्याकडं बघितलं.

"पक्षाचं लिहू एखादं," मास्तर म्हणाले.

"कुठल्या? साहेब गुरुवारी कुठल्या पक्षात असत्याल ते बुधवारी कळंल."

"मूळव्याध?"

"ते वैद्य आपले चौथे उपाध्यक्ष हायत."

वैद्यांनी मान तुकवली.

"मास्तर, तुमच्या क्लासचं लिवू या की. पोरं तुमचीच हायत, पापबी तुमचंच."

"माझं नको!" मास्तर उठूनच उभे राहिले. "साहेबांच्या हातून आपलं नाव पुसलं गेलं, आणि ते पेपरात आलं, तर कोण पोरगं पाठवंल माझ्याकडं?"

दोन तास गेले. चहा दोनदा झाला. भिंत खराब करणं इतकं जबाबदारीचं काम असतं, हे ती रोज खराब करणाऱ्यांना ठाऊक नसावं.

"माझंच लिवा की," महानंदा म्हणाली.

सगळे वळले.

"माझं पुसलं म्हून कुणाला राग याचा न्हाय. मला ना पक्ष, ना क्लास. आदी एकदा पुसलंयच की तुमी. कोण बोललं? मी बोलले, तर मधी बोलू नको म्हनलासा."

समितीत समाधान पसरलं. आपण जिचं नुकसान केलं तिचंच पुन्हा करता येतंय, म्हणजे नवीन कुणाला दुखवायला नको. हिंदुरावांनी लिहून घेतलं, 'मजकूर सर्वार्थाने निरुपद्रवी.'

"बसा की अक्का, वर बसा," शेठ म्हणाले. "मडिवाळप्पा, मोठं लिही. साहेबांना गाडीतनं दिसलं पायजे. बाण तर असा काढ, की बघनाऱ्याला किळस यावी."

"आन् फोन नंबर?" महानंदानं विचारलं. "आदी नव्हता. पन नंबराबगर जाहिरात खरी वाटंल का? पेपरवाले म्हनत्याल, समितीनंच लिवलीया."

"नंबर घाल रे," शेठ घाईनं म्हणाले.

मडिवाळप्पानं बुधवारचा अख्खा दिवस घेतला. लाल अक्षरं पुरुषभर उंच, त्यांना पिवळी किनार, किनारीमागं काळी सावली. बाण तर वीस फूट लांब, सरळ महानंदाच्या दारात घुसणारा. "घानच करायची तर नीट करू," तो म्हणाला.

महानंदा रात्री भिंतीसमोरून दोनदा जाऊन आली. असं नाव तिच्या लग्नपत्रिकेतही छापलं नव्हतं. उद्या दुपारी ते जाणार होतं. तोवर काय विकायचं ते विकावं, म्हणून पहाटे तीनला तिनं चूल पेटवली.

गुरुवारी मांडव उभा राहिला, बँड आला, साहेब आले नाहीत. सोमवारचं ठरलं. सोमवारी साहेब मुंबईला गेले. मधल्या चार दिवसांत मात्र महानंदाच्या घरातल्या चळती संपल्या आणि तिनं थापायला दोन बायका लावल्या. आता तिला साहेबांची तारीख डॉक्टरनं दिलेल्या ऑपरेशनच्या तारखेसारखी वाटू लागली.

समितीची काळजी निराळी होती. हा मजकूर साहेब येईपर्यंत टिकायला हवा होता, आणि मास्तरांची पोरं अजून मोकळीच होती. म्हणून सात उपाध्यक्षांनी आठवड्याचे सात वार वाटून घेतले. भिंतीखाली खुर्ची टाकून एकेक जण राखणीला बसू लागला. खुर्चीमागं मडिवाळप्पाकडून लिहून घेतलं: 'हा मजकूर कोणीही पुसू नये. आदेशावरून, लिखाणमुक्त भिंत अभियान.'

खुर्चीत असा भारदस्त माणूस बसलेला दिसल्यावर येणारे-जाणारे त्यालाच विचारू लागले.

"भाकरी किती दिवस टिकती, मामा?"

"म्हैनाभर," शुक्रवारचे वैद्य सांगत. "आत वळा. जिना चढू नका, डावीकडं बघा."

एका बुधवारी साहेबांची गाडी खरोखर आली. शेठ रोलर घेऊन धावले, फोटोवाला पळाला. महानंदा पिठाच्या हातानं दाराशी आली आणि चौकट धरून उभी राहिली. काच चार बोटं खाली झाली.

"साहेबांना उजनीला कार्यक्रम आहे," आतून स्वीय सहायक म्हणाले. "इथूनच पुसलं समजा."

"असं कसं, साहेब? फोटोला तरी एक हात..."

काचेतून एक हात आला, हवेत दोनदा पुसल्यासारखा हलला आणि आत गेला. गाडी निघून गेली.

त्या रात्रीच्या बैठकीत वाद पेटला. मास्तरांचं म्हणणं, उद्घाटन झालं, आता पुसून टाकू. हिंदुराव उसळले. "रोलर भिंतीला टेकला का? नाही. मग टिपणीत काय घेऊ? आणि उद्या साहेब पुन्हा आले, तर पुन्हा तीच नामुष्की?" ठराव एकमतानं झाला: साहेबांना पुन्हा निमंत्रण द्यावं आणि तोपर्यंत मजकूर आहे तसा राखावा.

वैशाखाच्या उन्हानं अक्षरं फिकी पडली. शेठ स्वतः महानंदाच्या दारात आले. येताना शंभर भाकऱ्यांची ऑर्डरही घेऊन आले, समितीच्या बैठकीसाठी.

"अक्का, रंग उडालाय. साहेब येत्याल तवा पुसायला कायतरी दिसलं पायजे. मडिवाळप्पाला पुन्हा हात फिरवायला सांगतो. तुमची हरकत न्हाय न्हवं?"

"माझी कशाला हरकत, अण्णा? समाजाचं काम हाय." महानंदानं परातीतलं पीठ मळून एका बाजूला केलं. "उलट आता करतायसा तर खाली 'शेंगा चटनीबी मिळंल' घाला. जितकं जास्ती लिवाल, तितकं पुसताना फोटूत दिसंल."

शेठना ते पटलं. मागं डबे घेऊन उभ्या असलेल्या मडिवाळप्पानं विचारलं, "चटनी किती मोठी लिवू?"

"साहेबांना पुसताना दम लागंल येवडी," महानंदा म्हणाली.