‘येते’च्या खालचा सूर

त्याला सगळे खांब म्हणत. उंची अशी, की दाराची चौकट आली की मान आपोआप लवायची. आणि नशीब असं, की सिनेमात उभं राहायला मिळायचं ते नेहमी कुणाच्या तरी मागे. कोर्टात शिपाई, लग्नात नवऱ्याकडचा कुणीतरी, दवाखान्यात स्ट्रेचरचं मागचं टोक. एकदा आई हौसेने मैत्रिणींना घेऊन त्याचा सिनेमा बघून आली आणि घरी येऊन म्हणाली, “अरे, तू नक्की कधी आलास?”

“स्ट्रेचर सरळ चाललं होतं ना? ते माझ्यामुळे,” खांब म्हणाला.

त्यामुळे एका मोठ्या गायिकेच्या आयुष्यावर निघणाऱ्या सिनेमात तिच्या बेस गिटारवाल्याचं काम पदरात पडलं, तेव्हा स्वारी हवेत होती. संवाद एकही नव्हता. पण एका अख्ख्या गाण्यात तो असणार होता.

“गायिकेच्या मागे उभं राहायचं आणि बोटं हलवत राहायची,” सहायक दिग्दर्शिकेने समजावलं. “कशीही हलव. तिकडे कुणी बघत नाही.”

हे ‘कुणी बघत नाही’ कुठेतरी लागलं त्याला. ते गाणं तो लहानपणापासून गुणगुणत आला होता. घर सोडून गेलेली एक मुलगी पुन्हा घराकडे निघते, असं ते गाणं, आणि त्याचा शेवट एकाच लांबवलेल्या शब्दावर: ‘येते’. हा शब्द आला की भल्याभल्यांचे डोळे भरायचे. लोक म्हणत, काय आवाज आहे! पण त्या गाण्यात बेस कुणी वाजवला होता, हे युनिटमध्ये एकालाही सांगता येईना. संगीतकार, कवी, बासरीवाला, सगळ्यांची नावं तोंडपाठ. बेसचं विचारलं की लोक छताकडे बघायचे. शेवटी एका म्हाताऱ्या ध्वनिमुद्रकाला आठवलं. “होता बुवा एक. गप्प असायचा. टायरच्या दुकानावर राहायचा, अजून असेल तर.”

अजून होता. जिना चढून खांबाने बेल वाजवली, तर दार उघडलं एका ठेंगण्या, चष्मेवाल्या बाईंनी.

“कुठल्या बँकेकडून आलात?”

“बँक नाही काकू, मी सिनेमातला...”

“मग पत्ता चुकलात.”

“काका बेस वाजवायचे ना?”

आता काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. एवढ्या उंचीला त्यात बराच वेळ गेला. “वाजवायचे काय, अजून वाजवतात. शेजारच्यांच्या मांडणीतली भांडी साक्षीला आहेत. या आत. डोकं सांभाळा.”

काका गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होते. सडपातळ अंग, बाह्या दुमडलेल्या, आणि बोटं मात्र एखाद्या सुताराला शोभावीत अशी जाड. खांबाने सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, कपडे पलंगावर टाकले आणि कोपऱ्यातलं वाद्य उचललं. लांब मानेचं, चार जाड तारांचं.

“ही गिटारच ना?” खांबाने विचारलं.

“हो. दोन तारा चोरीला गेल्यात,” काका म्हणाले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “उभा कसा राहतोस, बघू.”

खांब उभा राहिला, जसा तो प्रत्येक सिनेमात राहायचा तसा.

“छान. एवढं जमायला मला कित्येक वर्षं लागली.”

मग शिकवणी सुरू झाली. शूटिंग नसेल त्या दुपारी खांब जिना चढायचा. पहिल्याच आठवड्यात बोटांना फोड आले. “इतकं कशाला? बोटं हलली की झालं म्हणतात,” असं तो एकदा कुरकुरला. काका म्हणाले, “मग हलव की. मी कुठे अडवलंय?” आणि तो पुन्हा मुकाट्याने तारा दाबू लागला.

ज्या दुपारी ते घडलं, त्या दुपारी काकू पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि नेहमीप्रमाणे तेच गाणं गुणगुणत होत्या. आवाज साधाच, वरच्या पट्टीत थोडा चिरकणारा. काकांनी वाद्य घेतलं, छोट्या स्पीकरचं बटण फिरवलं आणि म्हणाले, “अगं, शेवटची ओळ म्हण बरं. ‘येते’ लांबव.”

काकूंनी हातातली चादर न सोडता ओळ म्हटली. ‘येते’ आलं आणि त्याखाली काकांनी एक सूर धरला. गोल, उबदार. खांबाला वाटलं, मुलगी घरी पोचली, दार उघडलं, चपला काढल्या. इतकं साधं, इतकं सुखाचं.

“आता तसंच म्हण. काही बदलू नकोस.”

काकूंनी तसंच म्हटलं. शब्द तोच, आवाज तोच, सूरही तोच. काकांचं बोट फक्त वाद्याच्या मानेवरच्या एका पट्टीवरून दुसरीवर गेलं, आणि खोलीतला उजेड बदलल्यासारखं झालं. आता मुलगी पोचत नव्हती, निघत होती. ज्या घरात नुसती चहाला आली होती, तिथून उठून दारात म्हणावं, बरं, येते, तशी.

“आता शेवटचं.”

तिसऱ्यांदा काकांचं बोट सगळ्यात जाड तारेवर गेलं. तो सूर खांबाने कानांनी ऐकलाच नाही. तो फरशीतून आला, पायांतून चढला आणि छातीत येऊन थांबला. आणि काकूंच्या त्या साध्या, चिरक्या आवाजातली मुलगी म्हणाली, येते. आणि ऐकणाऱ्याला कळून चुकलं की ही आता कधीच येणार नाही.

खांबाच्या अंगावर सरसरून काटा आला. रेकॉर्डमध्ये होतं ते हेच. लहानपणापासून ज्या जागी त्याच्या घशात हुंदका अडकायचा, ती हीच जागा. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, हे वरून येतं.

“काका,” तो म्हणाला. “हे... हे तुम्ही...”

“ती गात होतीच,” काका म्हणाले. “मी फक्त खाली उभा होतो.”

“चादरीचं ते टोक धर,” काकू खांबाला म्हणाल्या, कारण तो नुसताच तोंड उघडं ठेवून उभा होता.

गाण्याच्या शूटिंगला खऱ्या गायिका सेटवर आल्या. सगळे त्यांना ताई म्हणत. आता वय झालं होतं, हातात काठी होती, पण त्या आत आल्या आणि दोनशे माणसांचा गलका आपोआप विरला. नायिकेने ओठ हलवले, मागे खांबाने बोटं चालवली, प्रत्येक सूर जिथल्या तिथे. कॅमेरा त्याच्याकडे वळला नाही. शॉट संपला, टाळ्या पडल्या, आणि खांबाने आयुष्यात पहिल्यांदा, कुणी सांगितलेलं नसताना, पुढे पाऊल टाकलं.

“ताई, एक विचारू? शेवटच्या ‘येते’च्या खालचा सूर तुम्हाला आठवतो?”

दिग्दर्शक डोळे वटारून बघत होता. ताई मात्र जागीच थांबल्या.

“न आठवायला काय झालं?” त्या हळूच म्हणाल्या. “तालमीत ते आनंदाचं गाणं होतं. मुलगी घरी पोचते. रेकॉर्डिंगला मी तसंच गात होते, आणि शेवटच्या शब्दाला माझ्या पायाखालची पायरीच कुणीतरी काढून घेतली. मी पडले. पडता पडता जे गायले, ते लोकांनी डोक्यावर घेतलं. मला वाटलं, संगीतकारांनी ऐनवेळी बदललं. ते म्हणाले, कमाल केलीस, कसं सुचलं तुला? मला वाटलं, मोठेपणा देताहेत. पुढे ते वारले आणि विचारायचं राहूनच गेलं.” त्यांनी खांबाचा हात धरला. “कुणी काढली होती पायरी?”

“मागच्या गल्लीत राहतात,” खांब म्हणाला.

टायरच्या दुकानावरचा तो जिना ताई एकेक पायरी थांबत चढल्या. काकूंनी दार उघडलं आणि त्यांची बोबडीच वळली. “बसा,” एवढंच कसंबसं म्हणाल्या आणि पलंगावरचे सगळे कपडे कवटाळून आत पळाल्या.

काका उठून उभे राहिले. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एका हॉलमध्ये, काचेच्या अलीकडे आणि पलीकडे बसून दोघांनी अर्धं आयुष्य काढलं होतं, आणि हा चेहरा त्यांना नीट आठवत नव्हता.

“तो सूर तुम्ही का बदललात?” त्यांनी विचारलं. रागाने नव्हे. लहान मूल आकाशाबद्दल विचारतं तसं.

काकांनी थोडा विचार केला. “गाणं परत येण्याचं होतं. पण त्या दिवशी तुमचा आवाज निघून चालला होता. दोन्ही एकत्र जुळेनात. मग मी आवाजाच्या बाजूने गेलो.”

ताईंचा हात काठीवर घट्ट झाला.

“त्या सकाळी आईला हॉस्पिटलात ठेवून आले होते,” त्या म्हणाल्या. “निघताना तिला म्हटलं होतं, येते. स्टुडिओत कुणाला सांगितलं नव्हतं. एकालाही नाही. आणि माझी पाठ होती तुमच्याकडे.”

“हो,” काका म्हणाले.

खांब दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. एवढ्या वाद्यांच्या गदारोळात, काचेपलीकडे, पाठमोऱ्या बाईचं मन या माणसाने ऐकलं होतं. ऐकून तिच्या खाली जाऊन उभा राहिला होता आणि मग कपडे वाळत घालायला घरी आला होता.

“वाजवाल?” ताईंनी विचारलं.

आवाज आता पूर्वीचा राहिला नव्हता. मध्येच तुटायचा, श्वास पुरायचा नाही. जिथे तुटायचा तिथे काकांचा सूर आधीच जाऊन थांबलेला असायचा. ‘येते’ जवळ आलं तसा खांबाने श्वास रोखला. काकांनी जाड तारेला हात लावलाच नाही. त्यांनी पहिला सूर धरला, गोल आणि उबदार, आणि ताई त्यावर सावकाश टेकल्या, दमून घरी आलेलं माणूस खुर्चीत बसावं तशा. आतल्या खोलीतून काकूंचं मुसमुसणं ऐकू आलं.

पुढे ताईंनी ही हकिकत एका मुलाखतीत सांगितली. वर्तमानपत्राने छापलं, ‘एका गिटारवादकाची आठवण’. काकूंनी ते ‘गिटार’ वाचून दिवसभर पेपराचा उद्धार केला. सिनेमाच्या नावांमध्ये ताईंनी आग्रहाने काकांचं नाव घालायला लावलं. ते आलंही, अगदी शेवटी, लोक पायाने चपला शोधत असताना.

काका, काकू आणि खांब, तिघं दुपारच्या खेळाला गेले होते. गाणं सुरू झालं. खांबाने पडद्यावर स्वतःला शोधायचं ठरवलं होतं, पण ‘येते’ आलं आणि तो पडदा विसरून थिएटरकडेच बघत राहिला. पुढच्या रांगेतल्या बाईचा पॉपकॉर्न घेऊन तोंडाकडे निघालेला हात अर्ध्यावर थांबला होता. एका माणसाने शेजारच्या म्हातारीचा खांदा धरला होता. फरशी बारीक थरथरत होती, खुर्च्यांचे दांडे थरथरत होते, आणि रांगांमागून रांगा माणसं एका क्षणी, का ते न कळता, पडत होती आणि अलगद झेलली जात होती.

त्याने काकांकडे पाहिलं. काका मान तिरकी करून ऐकत होते.

“स्पीकर चांगले आहेत,” ते कुजबुजले.