माझ्या एकट्याच्या वजनाची गाडी

मी विमा विकतो. पण आव असा आणतो की आत्ताच शर्यतीतून घरी आलोय. पुण्याहून सेकंडहँड टर्बो गाडी आणली आणि सस्पेन्शनवर बायकोला, वृषालीला, इतकं ऐकवलं की ती भाकरी थापतानाच जांभया द्यायला लागली.

सोलापूरच्या नंदीशच्या गॅरेजात तीन पर्याय होते: मूळचे मऊ स्प्रिंग, मधले, आणि शर्यतीचे कडक. मी अर्थातच कडक घेतले. त्यावर गाडी किती खाली बसवायची, ते आत बसणाऱ्यांच्या वजनावर ठरतं, म्हणून त्यानं विचारलं, गाडीत कोण कोण बसतं? मी छाती फुगवून सांगितलं, मी एकटाच. मग मला सीटवर बसवून त्यानं उंची ठरवली. मी पोट आत ओढून बसलो होतो, तेही सांगून टाकतो.

आई दरवर्षी दसऱ्याला एसटीनं नागपूरला, दीक्षाभूमीवर जाते. यंदा लेकाच्या गाडीतून जाणार, हे तिनं आमच्या सास्तूर गावभर सांगितलं होतं.

आई आणि वृषाली मागं बसल्या नि गाडी आणखी दबली. गावातल्या पहिल्याच गतिरोधकावर बूड खरवडलं. मी दोघींना उतरवलं, रिकामी गाडी तिरकी करून पलीकडं नेली, पुन्हा बसवलं. पुढच्या गतिरोधकावर तेच. पांढऱ्या साडीतली आई पिशवी घेऊन गाडीमागून चालत होती, आणि शेजारची हरणाबाई दारातून विचारत होती, बंद पडली का म्हणून. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

लोहाऱ्याच्या अलीकडं आईनं विचारलं, दुसऱ्यांच्या गाड्या जातात, मग हिलाच काय झालंय? मी खरं ते सांगितलं.

“धम्मपाल, माझं वजन धरलंच न्हाईस व्हय रं?”

मला फार लाज वाटली.

लोहाऱ्याच्या स्टँडवर लातूरची एसटी लागली होती. लातूरहून नागपूरची मिळते. आईनं गाडी थांबवायला लावली, उतरली आणि पिशवी घेऊन गर्दीत शिरली, तिच्यामागं वृषाली. गाडी एका कडेला लावून मी मान खाली घालून एसटीत चढलो. एसटी गच्च भरलेली. त्या दोघींच्या मधल्या जागेवर पिशवी होती, आणि आई एका माणसाशी हुज्जत घालत होती.

“इथं माणूस हाय,” ती म्हणाली. “माझा लेक येतोय मागनं.”