बाकासमोरचं चोपन्न

वाळूतला प्रत्येक आवाज खणत बसलं तर कंबरडं मोडतं आणि हाती कचरा लागतो. म्हणून मी नियम केला होता. धातू शोधायच्या मशीनच्या पडद्यावर धातूगणिक वेगळा आकडा येतो; एक्क्याऐंशी आलं की गुडघे टेकायचे. चोपन्न आलं की पुढे चालायचं, कारण चोपन्न म्हणजे शीतपेयाच्या डब्याची कडी. पहिल्याच आठवड्यात तसल्या चाळीस कड्या खणून मी शहाणा झालो होतो.

एक्क्याऐंशी हा आकडा मी उगीच धरला नव्हता. तीन वर्षांपूर्वी समुद्रात नातीला पोहायला शिकवताना बायकोच्या बोटातली लग्नाची अंगठी निसटली. दोन दिवस ती नीट जेवली नाही. आमच्या अंगठ्या जोडीच्या, एकाच सोन्यातून घडवलेल्या. म्हणून मशीन आणलं त्या दिवशी मी माझी अंगठी वाळूच्या बादलीत पुरली आणि वरून मशीन फिरवलं.

"बघ, एक्क्याऐंशी. तुझीही हेच बोलणार."

ती जरा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

तेव्हापासून रोज ओहोटीला मी किनाऱ्यावर. एकदा तीही आली होती. किनाऱ्यावरच्या ज्या बाकासमोर पाण्यात अंगठी हरवली होती, तिथे मशीन खणखणीत वाजलं. चोपन्न.

"खणत का नाही?" तिने विचारलं.

"कचरा आहे. तुला काय कळतं यातलं?"

ती तिथेच पायाने वाळू उकरत राहिली. मी हाक मारली तेव्हा निघाली.

काल दारात चेमटून माझं बोट सुजलं. अंगठी कापायला सोनाराकडे गेलो. कापलेला तुकडा आतून पांढराशुभ्र होता.

"सांधून पुन्हा मुलामा देऊ ना, काका? काकू दर वर्षी देऊन नेतात तसा?"

"कसला मुलामा?"

त्याचा चेहरा उतरला. "चांदीची आहे ना ही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

माझ्या पायाखालची वाळूच सरकली. जन्मभर लेथवर सुताचा फरक पकडला मी, आणि स्वतःच्या बोटावरचा फरक कळला नाही. दर वर्षी ती "उजळून आणते" म्हणायची आणि मी खुशाल काढून द्यायचो.

घरी येऊन सुनेची सोन्याची अंगठी मागितली, बादलीत पुरली, मशीन फिरवलं. चोपन्न. पुन्हा फिरवलं. पुन्हा चोपन्न.

बायको दारात उभी होती. कापलेली अंगठी तिने पाहिली.

"तुमच्या ऑपरेशनच्या पैशांसाठी तुमची सोन्याची विकली," ती म्हणाली. "शुद्धीवर आल्याआल्या तुम्ही बोट चाचपणार, म्हणून ही करून घेतली."

"म्हणजे माझा आकडाच चुकीचा. आणि तुला ते कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"तीन वर्षं मी वणवण फिरलो. बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर माझी सापडली असती," ती म्हणाली, "पण तुमची गेली असती."

त्या दिवशी बाकासमोर, चोपन्न वाजलं तिथेच, ती पायाने वाळू उकरत होती, आणि मीच तिला हाक मारून पुढे नेलं होतं.