दादाच्या दाढेची पोरं

०.८

दादाची अक्कलदाढ काढली, तेव्हा त्याची संमतीची सही घेऊन धाकट्या बहिणीने ती आपल्या प्रयोगशाळेत नेली आणि दाढेच्या गाभ्यातल्या मूळपेशी वाढवल्या. मूळपेशी म्हणजे अजून कुठल्याच धंद्याला न लागलेल्या. हाड व्हायचं की दात, तेही न ठरलेल्या. तेव्हापासून दादा विचारतो, "माझी पोरं जेवली का?"

दादा रंगारी. या आठवड्यात तो प्रयोगशाळेबाहेरच्या भिंतीला पांढरा देतोय, म्हणून दिवसातून चारदा विचारतो.

१.४

पोरांच्या ताटात होतं टायटॅनियम डायऑक्साइड. रंगात असते तीच पांढरी पूड, पण कण इतका बारीक की पेशीत शिरावा. पोरं तगतात की मरतात, एवढंच बघायचं होतं. खळग्या-खळग्यांच्या ताटलीत पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी ते जांभळं करतात. मग यंत्र ताटलीतून प्रकाश सोडतं. प्रकाश जितका अडेल, तितका आकडा मोठा, तितक्या पेशी जिवंत. पूड नसताना आकडा होता ०.८.

२.१

पूड वाढवली, आकडा वाढला. आणखी वाढवली, आणखी वाढला. धाकटीला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. चार वाजता प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम अहवाल पाठवणार होत्या: ही पूड मूळपेशींना मानवते.

ती शिडीखाली जाऊन उभी राहिली. "दादा, तुझी पोरं पुडीवर बाळसं धरतायत."

"भुकटी खाऊन? खुळी का काय तू?" दादाने ब्रश डब्यावर निथळवला. "अगं, उजेड अडवते म्हणून तर ती रंगात घालतात. तिच्यामागे भिंतीवरचा डाग दिसत नाही. तुझ्या यंत्राला काय दिसणार?"

धाकटी तशीच आत पळाली.

पेशी नाहीत, नुसती पूड: १.६

जागा वाचवायला म्हणून खळग्यांची ही ओळ तिने कधी लावलीच नव्हती. आज लावली. एकही पेशी नसलेल्या खळग्यांना यंत्राने ठणठणीत ठरवलं. सहा महिने ती पेशी समजून पूड मोजत होती. तिला हसू फुटलं, ते आवरेना.

"मॅडम, अहवाल थांबवा. माझं चुकलंय."

"कुणी पकडलं?"

"रंगाऱ्याने."

"मग तो आपल्या समितीवर का नाही?" मॅडम म्हणाल्या. "पाऊण तास आहे. पळ."

०.८ आणि ०.५

पेशींची ताटली यंत्रात गरगर फिरवली, पूड तळाशी बसली. वरचं निवळ जांभळं पाणी तेवढं स्वच्छ ताटलीत घेतलं. थोड्या पुडीला ०.८, म्हणजे पोरांना ढिम्म फरक नाही. भरपूर पुडीला ०.५. तिथे बरीच गेली होती.

चारला पाच कमी असताना मॅडमनी अहवाल वाचला. "पहिलंच वाक्य, 'आधीची मोजणी चुकीची होती'?"

"त्याखालचे आकडे खरे आहेत, मॅडम."

मॅडमनी बटण दाबलं. धाकटीने नवी ताटली उघडली, आणि शीळ घालत पहिल्या ओळीत नुसती पूड भरायला घेतली.