लाल दिव्याचं बटण

आमच्या ह्यांना तार दिसली की हात शिवशिवतात. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे जगात जिथे तार आहे तिथे आपला अधिकार आहे, अशी त्यांची ठाम समजूत. साताऱ्याच्या आमच्या घरातली इस्त्री, मिक्सर, दाराची बेल, सगळ्यांची पोटं त्यांनी एकदा तरी उघडली आहेत. बेल त्यानंतर कधी वाजली नाही, पण ह्यांच्या मते ती मुळातच हलक्या प्रतीची होती.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत आम्ही दोघं आमच्या मुलीकडे, नीलांबरीकडे, हॉलंडमधल्या डीमनला आलो ते तीन महिन्यांसाठी. तीन आठवडे होतात न होतात तोच करोनानं दारं लावून घेतली. नीलूचं ऑफिस घरात आलं, जावयांचं, म्हणजे प्रणवरावांचं, ऑफिस घरात आलं आणि आठ वर्षांच्या भार्गवीची शाळाही घरात आली. मेमधलं परतीचं विमान रद्द झालं. व्हिसा वाढवून मिळाला, घर मात्र वाढवून मिळेना. तीन खोल्यांत आम्ही पाच माणसं दिवसरात्र समोरासमोर.

तिथे घर उबदार ठेवायची सोय सगळ्या इमारतीची एकत्र आहे, पण आंघोळीचं गरम पाणी ज्याचं त्याचं. बाथरूमशेजारच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे, आमच्या जावयांचा विजेचा बॉयलर उभा असे. आपल्या गीझरसारखाच, फक्त अंगानं पाचपट. एकशेवीस लिटरचा. घराच्या आधीच्या मालकानं ठेवून दिलेला, म्हणजे वयानं बराच. शेजारी एक लाल दिव्याचं बटण.

आम्ही आल्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळचं पाणी कोमट येऊ लागलं. प्रणवराव म्हणाले, माणसं वाढली, साहजिकच आहे. तोवर त्यांनी बॉयलरला टायमर लावलेला होता. रात्री वीज थोडी स्वस्त असते, म्हणून पाणी रात्रीच तापवायचं आणि दिवसभर पुरवायचं. आता तो टायमर त्यांनी काढून टाकला आणि आतलं तापमान शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवलं. तरी कुणाला ना कुणाला गार पाणी लागायचंच. मग केटलीत पाणी उकळून बादलीत ओतायचं. त्या केटलीला दिवसभरात श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

जूनमध्ये वीज कंपनीचं पत्र आलं. दर महिन्याचा हप्ता वाढवला होता. प्रणवराव आतल्या खोलीत नीलूला म्हणाले, "वाढणारच ना, आता पाच माणसं आहेत." बिचारे सरळ मनानं म्हणाले. पण दार उघडं होतं. मी ऐकलं, आणि असं काही ऐकलं की मी भाजी ढवळत राहते. ह्यांनी ऐकलं. हे अशा वेळी चष्मा काढून पुसत बसतात. तो दिवसभर चष्मा फार स्वच्छ होता.

मुलीच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं मानणाऱ्या घरातला हा माणूस. पाणी प्यायला लागले होते हेच खूप. आता ते तापवायचा खर्चही आपल्यामुळे वाढला, हे त्यांच्या जिवाला लागलं. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "प्रणवराव, हे बिल मी खाली आणतो. माझ्यावर सोडा." प्रणवराव बरं म्हणाले. सासऱ्याला दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी भार्गवीच्या वह्यांतली एक वही जप्त झाली. बाहेरच्या दारापाशी विजेचा मीटर आहे, त्यावर दोन आकडे येतात, एक रात्रीच्या विजेचा आणि एक दिवसाच्या. हे सकाळी चहा घेतला की बॅटरी घेऊन मीटरसमोर उभे राहायचे आणि दोन्ही आकडे वहीत उतरवायचे. बॅटरी कशाला, तर मीटरवर उजेड पडावा म्हणून. मीटरला स्वतःचा उजेड आहे, हे मी दोनदा सांगितलं. नंतर सोडून दिलं.

मग शॉवर बंद झाला. दुकानातून आणखी एक बादली आणि प्लास्टिकचा मग आला. ज्याला शॉवर हवाच असेल त्यानं पाच मिनिटांत बाहेर पडायचं. दाराबाहेर हे घड्याळ घेऊन उभे. नीलूची ऑफिसची मीटिंग चालू असताना मागून "साडेचार झाली" असा पुकारा व्हायचा. बॉयलरच्या अंगाला त्यांनी माझी जुनी शाल गुंडाळली, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून. मला विचारलं नाही. मी म्हटलं, अहो, चव्वेचाळीस वर्षांत माझ्या खांद्यावर कधी शाल घातली नाहीत, आणि ह्या डच बॉयलरवर एवढी माया? त्यावर त्यांनी शालीची गाठ आणखी घट्ट केली.

मी चिडवतेच त्यांना. आमचा संसार त्यावरच चालतो. वीज वाचवायला वही कशाला लागते, असं माझं म्हणणं. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं, निजण्याआधी घरभर एक फेरी मारायची. गॅसचा नॉब, नळ, दिवे, बटणं, सगळं बघून मगच पाठ टेकायची. सातारा असो की डीमन, माझी फेरी चुकत नाही. त्याचा गाजावाजाही मी करत नाही.

वहीतून रोज सकाळी निष्कर्ष निघायचे. मुख्य निष्कर्ष असा, की रात्रीचा आकडा जेमतेम हलतो आणि दिवसाचा धावत सुटतो. "रात्री आपण काही वापरतच नाही," हे भार्गवीला समजावून सांगायचे, "चोर दिवसा येतो. दिवसा पाळत ठेवायची." तिला ते फार आवडलं. तीही आजोबांच्या मागे मागे फिरून घरातल्या चार्जरांवर पाळत ठेवू लागली. मात्र एवढी पाळत ठेवूनही जुलैचा वापर जूनपेक्षा जास्त निघाला.

आता प्रणवरावांनी विषय काढला, तो फार जपून. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा नवा बॉयलर मिळतो, वीज कमी खातो, सरकार थोडे पैसेही परत देतं. किंमत ऐकून मी हातातली पोळी खाली ठेवली. नीलूनं उन्हाळ्यात भार्गवीच्या खोलीचं काम करायचं ठरवलं होतं. ते पुढच्या वर्षी बघू, म्हणाली. ह्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "घेण्याआधी एकदा तपासून तरी घ्या. माणूस आजारी पडलं की आपण लगेच दुसरं आणत नाही." असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते मला आवडलं नाही. पण त्यांच्या आवाजात विनवणी होती. नवा बॉयलर आला असता तर तो आमच्यामुळे आला असता, आणि तो सतरा वर्षं काम करेल असं कंपनी म्हणत होती. सतरा वर्षं तो त्या कपाटात उभा राहून सांगत बसला असता, सासूसासरे आले होते.

ऑगस्टमध्ये दुरुस्तीवाला आला. रमेश नाव, तोंडावर मास्क. त्याचे पूर्वज बिहारकडून सुरिनामला, डचांच्या वसाहतीत, गेले होते आणि आईबाप तिथून इथे आले. घरात तो हिंदीच्या चुलतबहिणीसारखी एक भाषा बोलतो. ती त्याची, ही आमची साताऱ्याची हिंदी, दोघी मिळून काम भागलं. ह्यांना पाच महिन्यांत पहिल्यांदा घराबाहेरचं माणूस बोलायला मिळालं. माझी शाल बघून रमेश हसला, पण ती त्यानं नीट घडी करून बाजूला ठेवली, म्हणून मला तो आवडला.

त्यानं टाकी रिकामी केली, खालचं झाकण उघडलं. तळाशी साचलेला चुन्याचा थर पत्र्याच्या डब्यात खरवडून काढला. आत एक धातूची कांडी असते, टाकीला गंजू द्यायचं नाही म्हणून स्वतः झिजत जाते. ती झिजून नुसती तार उरली होती. तार बघून ह्यांचा हात पुढे गेलाच, मी कोपरानं ढोसलं. रमेशनं नवी कांडी बसवली, तापमान साठवर आणलं आणि सांगितलं, ह्याच्या वर नको, वीज जाते, आणि खालीही नको, पाण्यात जंतू वाढतात. बॉयलर अजून चार वर्षं सहज काढेल, पुढे बदलायचा तेव्हा बदला.

ह्यांचा चेहरा असा फुलला, की जणू ती कांडी ह्यांनाच बसवली. त्या आनंदात त्यांनी वही आणली. दोन महिन्यांचे आकडे, तारीखवार, लाल आणि निळ्या शाईत. रमेशनं एक पान बघितलं, दुसरं बघितलं आणि मान वर केली. एवढा मोठा बॉयलर दिवसरात्र चालू आहे म्हणता, तर रात्रीही थोडी वीज खायलाच हवी. इथे तर तो रात्री एक घासही खात नाही. सकाळी उठून गार पाणी एकदम तापवायला लागतो, तेही महागाच्या वेळेत. मग त्यानं सरळ विचारलं, "रात को बटन कौन बंद करता है?"

रात्री साडेदहाची माझी फेरी. गॅस, नळ, दिवे, आणि कपाटात तो लाल दिवा. एवढा मोठा गीझर रात्रभर चालू कोण ठेवतं, म्हणून बटण बंद, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठले की चालू. पहिल्या दिवसापासून. कधी कुणाला सांगितलं नाही, कारण गॅसचा नॉब बंद केला असं कुणी घरात सांगत फिरतं का? मला तर वाटत होतं, ह्या घरात खरी वीज मीच वाचवते.

ह्यांनी वहीतल्या आकड्यांकडे बघितलं. मग वर बघितलं, पण माझ्याकडे नाही. त्यांना कळलं होतं. चव्वेचाळीस वर्षं ते माझ्या आधी निजतात आणि माझी फेरी कानांनी ऐकतात.

"मी," ते म्हणाले. "मीच बंद करतो. सवय आहे."

प्रणवराव दारात उभे होते. नीलू मीटिंग सोडून आली होती. तोंड उघडायची ती वेळ होती आणि मी ते उघडलं नाही. जावयासमोर लाज वाटली, दुसरं काही नाही. चोवीस तास चालणारी माझी जीभ नेमकी तेव्हा आत जाऊन बसली.

प्रणवराव खो खो हसत सुटले. नीलू "बाबा, अहो," एवढंच म्हणाली आणि तीही हसायला लागली. भार्गवीनं विचार करून निकाल दिला, "सो, आजोबा वॉज द थीफ." हे सुद्धा हसले. ते इतके छान हसले की मला रडू आलं, म्हणून मी चहा टाकायला गेले.

त्या रात्री फेरी मारताना माझा हात आपोआप कपाटात गेला. बटणावर वहीतला एक कागदाचा तुकडा भार्गवीच्या चिकटपट्टीनं लावलेला होता. ह्यांचं अक्षर. "राहू दे." वर नाव नाही, खाली नाव नाही. इतक्या वर्षांत ह्या माणसानं मला लिहिलेली ही पहिली चिठ्ठी. मी तिथे व्हॅक्यूम क्लीनरला टेकून बराच वेळ उभी राहिले. दिवा लाल जळत होता.

पुढचे चार दिवस घरानं ह्यांना सोडलं नाही. टायमर पुन्हा लागला, सकाळचं पाणी कढत येऊ लागलं, आणि जो तो आंघोळ करून बाहेर आला की आजोबांचे आभार मानायचा. वही कपाटात गेली. बिल खाली आणतो म्हणाले होते, ते बिल ह्यांनीच चढवलं, असं झालं. हे नुसते हसायचे आणि चष्मा पुसायचे. मी एक शब्द बोलत नव्हते. चिडवायची माझी जागा रिकामी आणि बाकी सगळे त्यात जाऊन बसलेले.

पाचव्या दिवशी दुपारी प्रणवरावांना आइंडहोवनच्या मित्राचा, शशिकांतचा, फोन आला. त्यालाही विजेच्या बिलाची चिंता होती. स्पीकर चालू, आणि आमचे जावई रंगात आले. आमचे सासरे म्हणजे काय सांगू, दिवसा वही घेऊन पहारा आणि रात्री स्वतःच बटण बंद. पलीकडे शशिकांत गडगडाटी हसला. हे खिडकीशी बसून बाहेरच्या सायकली मोजत होते. त्यांचे कान लाल झाले होते. माझ्यानं बघवेना.

"प्रणवराव," मी म्हटलं, "बटण मी बंद करत होते. रोज. ह्यांना ठाऊकही नव्हतं. ह्यांनी माझ्यासाठी आपल्यावर घेतलं."

प्रणवरावांनी फोन बंद केला. नीलूनं माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. शेवटी प्रणवराव उठले, कपाटातून ती वही काढून आणली आणि ह्यांच्या हातात दिली. "बाबा, ह्या वहीमुळेच सापडलं ते. एरवी मी नवीन बॉयलर घेऊन मोकळा झालो असतो, आणि आई तोही रात्री बंद करत बसल्या असत्या." ह्यांनी वही मांडीवर ठेवून तिच्यावरून हात फिरवला.

सगळे आपापल्या मीटिंगला गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, चुकलं माझं, तेव्हाच बोलायला हवं होतं.

"आत्ताही बोलायला नको होतंस," ते म्हणाले.

"का? मला चांगलं म्हणावं म्हणून?"

"तसं नाही गं. चव्वेचाळीस वर्षांत हे चारच दिवस तू मला चिडवलं नव्हतंस." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. "पण खरं सांगू, दुसऱ्या दिवसापासूनच करमेना."

मी उठून बाथरूमशेजारच्या कपाटातून माझी घडी केलेली शाल आणली आणि त्यांच्या खांद्यांवर टाकली. म्हटलं, बॉयलरला आता लागत नाही, तुम्ही पांघरा, अंगाची वीज वाया जायला नको. ते लगेच सावरून बसले आणि मीटर बघायला उठले.